फॉरमॅट मारला, तरी साइट उघडेना

आमच्या महाड-पोलादपूर भागात कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध सांगितलं जातं: "फॉरमॅट मारून टाका." मशीन हळू झालं, फॉरमॅट. पेनड्राइव्हमधून व्हायरस आला, फॉरमॅट. चालू व्हायला पाच मिनिटं लागतात, फॉरमॅट. पीसीचा डबा रिक्षातून दुकानात जातो, दोन दिवस तिथं राहतो, काही शे रुपये द्यावे लागतात आणि तो नव्या विंडोजसह घरी येतो. घरातले खूश होतात. खरी तकलीफ संध्याकाळी सुरू होते. शिष्यवृत्तीची साइट उघडायला जावं तर लाल त्रिकोण. उर्दू अखबार उघडावा तर अक्षरांचं वळणच बदललेलं. बँकेचा पासवर्ड ब्राउझर आपोआप भरायचा, तो आता रिकामी चौकट दाखवतो. मग पुन्हा तेच दुकान आणि तेच उत्तर, "परत फॉरमॅट मारावा लागेल."

माझं म्हणणं सरळ आहे. हा दुसरा फॉरमॅट बहुतेक वेळा लागत नाही. पडद्यावर जे लिहून आलंय ते शांतपणे वाचलं तर घरातला नववीतला मुलगा किंवा मुलगी ते दुरुस्त करू शकते. आणि फॉरमॅटमध्ये ज्या वस्तू खरोखरच कायमच्या जातात, त्या आधी अर्धा तास दिला तर वाचतात. आपण शाळेत पहिलीपासून दहावीपर्यंत 'उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' करून घेतो. पडद्यावर दोन ओळींचा उतारा आला की मात्र तो न वाचता खिडकी बंद करतो. इथं माझ्यातला शिक्षक अस्वस्थ होतो.

आधी बोलण्यातला एक घोळ सोडवू. घरात कोणी म्हणतं, "गूगल उघडत नाही." यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. इंटरनेट आलेलंच नाही, ही एक. इंटरनेट आहे पण ब्राउझर, म्हणजे क्रोम, एज किंवा फायरफॉक्स, अडतोय, ही दुसरी. दोन्ही ठीक आहेत पण समोरची साइटच बंद पडलीय, ही तिसरी. वेगळं करायला एक मिनिट लागतं. त्याच वायफायवर मोबाइलमध्ये तीच साइट उघडून पाहा. मोबाइलवरही उघडली नाही तर कॉम्प्युटरला दोष देऊ नका. मोबाइलवर उघडली तर कॉम्प्युटरवर दुसरी एखादी साइट पाहा, मग दुसरा ब्राउझर पाहा. नव्या विंडोजवर वायफायचं चिन्हच दिसत नसेल तर बहुधा वायफायचा ड्रायव्हर टाकायचा राहिलाय. मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं की बहुतेक वेळा तात्पुरतं इंटरनेट मिळतं आणि त्यावरून ड्रायव्हर उतरवता येतो. व्हिडिओ अडखळत असेल, पान मध्येच काळं होत असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर पाहावा. अर्ज भरला पण पावतीचं पान येत नसेल तर नव्या ब्राउझरने पॉप-अप रोखलेला असतो. पत्त्याच्या पट्टीच्या टोकाला तसं छोटं चिन्ह येतं, तिथून त्या साइटपुरती परवानगी देता येते.

आता त्या लाल त्रिकोणाकडे येऊ. तुमचं कनेक्शन खासगी नाही, अशा अर्थाचा इशारा येतो आणि खाली बारीक अक्षरांत एक कोड असतो. त्या कोडात 'डेट' हा शब्द दिसला किंवा क्रोमने सरळ 'युअर क्लॉक इज बिहाइंड' असं म्हटलं, तर आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. बहुतेक वेळा तिथं भलतंच साल असतं.

तारखेचा आणि साइटचा संबंध काय? तहसीलमधून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यावर जशी मुदत असते, तशी प्रत्येक सुरक्षित साइटकडे मुदतीचं एक डिजिटल प्रमाणपत्र असतं. ही मुदत छोटी असते. सप्टेंबर २०२० मध्ये ती जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आणली गेली, आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने आणखी कमी करायचं ठरलेलं आहे. अनेक साइट आजच ९० दिवसांचं प्रमाणपत्र वापरतात. ब्राउझर त्यावरची तारीख तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २०१२ सालात असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं आणि तो दार उघडत नाही. म्हणजे ब्राउझर आपलं काम नीट करतोय, चूक कॅलेंडरची आहे.

घड्याळ मागे का जातं, याचं उत्तर आपल्या पावसाळ्यात आहे. पीसीच्या आत मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२, तीन व्होल्टची. वीज नसताना तारीख-वेळ ती सांभाळते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज कितीदा जाते हे कुणाला सांगायला नको. विजा कडाडायला लागल्या की आपण प्लगही काढून ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. त्या प्रत्येक तासाला ती छोटी बॅटरी झिजते. जुन्या मशीनमध्ये ती एक दिवस संपते आणि तारीख मदरबोर्ड बनला त्या काळात जाऊन बसते. अशा वेळी दहा वेळा फॉरमॅट केला तरी तारीख पुन्हा मागेच जाणार, कारण फॉरमॅट बॅटरीला हातच लावत नाही. ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते आणि तिची किंमत फॉरमॅटच्या तुलनेत किरकोळ असते. प्लग काढून ती बदलावी आणि मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये तारीख, वेळ आणि विभाग तिन्ही पाहावेत.

विभाग विसरू नका. नवं विंडोज टाकताना देश अमेरिका ठेवला गेला असेल तर घड्याळ तिकडच्या पॅसिफिक वेळेवर राहतं. मग कोणीतरी काटे हाताने फिरवून आपल्या वेळेवर आणतं. दिसायला सगळं बरोबर, पण आतून मशीन बारा-तेरा तास पुढे असतं. त्यामुळे कुठे लॉगिन फेटाळलं जातं, कुठे नुकतंच लागू असलेलं प्रमाणपत्र 'संपलेलं' ठरतं. यूटीसी अधिक ५:३०, म्हणजे चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं लिहिलेली ओळ निवडावी आणि वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू करावं.

जुन्या मशीनचा विषय आपल्याकडे २०२१ च्या पुराशी जोडलेला आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडमध्ये शिरलं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडीत घरं गाडली गेली. त्या दुःखापुढे कॉम्प्युटरची गोष्ट फारच लहान आहे, हे मला कळतं. पण तो करोनाचा काळ होता आणि बहुतेक मुलांचं शिक्षण ऑनलाइन चाललं होतं. तळमजल्यावरचे पीसी चिखलात गेले आणि माझ्या पाहण्यातल्या कितीतरी घरांत त्यांच्या जागी वापरलेली, जुनी मशीन आली. त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३० सप्टेंबर २०२१ ला, जगभरच्या असंख्य साइटना मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एनक्रिप्ट या संस्थेच्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं. वर्षानुवर्षं अपडेट न झालेल्या मशीनवर अनेक साइट त्या दिवसापासून अडायला लागल्या. घरातल्यांना वाटलं, स्वस्तातलं मशीन बिघडलेलं निघालं. मशीन चालतंच होतं, फक्त त्याच्यातली विश्वासाची यादी जुनी झाली होती.

इथंच दुकानातली एक सवय नडते. मशीन जुनं आहे म्हणून 'हलकं' विंडोज ७ टाकून दिलं जातं. विंडोज ७ ला कंपनीकडून मिळणारी सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ मधल्या ११० पासून विंडोज १० लागतं. फायरफॉक्सनेही ११५ नंतर ते सोडलं. कोऱ्या विंडोज ७ सोबत येणारा इंटरनेट एक्सप्लोरर ८ तर इतका जुना, की आजच्या बऱ्याच साइटशी त्याला बोलताच येत नाही. मग पेच असा पडतो की नवा ब्राउझर उतरवायला ब्राउझर हवा आणि आहे तो चालत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे दुसऱ्या मशीनवर ब्राउझरची पूर्ण, ऑफलाइन फाइल उतरवून पेनड्राइव्हने आणणं. पण अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मी ठामपणे सांगेन.

विंडोज १० ची नेहमीची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही. आपल्या घरांतली बरीच मशीन या दोहोंच्या मध्ये अडकलेली आहेत. लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली चार जीबी रॅमच्या पीसीवर चालते, तिच्यात आजचा फायरफॉक्स मिळतो आणि मराठी-उर्दू दोन्ही लिहिता येतं. केरळने २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' सुरू केलं, पुढे २०१७ मध्ये त्याचं 'काइट' झालं आणि तिथल्या सरकारी शाळांतली मुलं लिनक्सवरच शिकतात. तिथली मुलं शिकली, तर कोकणातल्या मुलांना ते अवघड जायचं काही कारण नाही.

आता आपल्या दोन्ही भाषांविषयी. उर्दू वाचणाऱ्या घरांत फॉरमॅटनंतर पहिली तक्रार असते, "हे अरबीसारखं काय दिसतंय?" उर्दूची वळणदार, तिरकी उतरत जाणारी नस्तालीक लिपी जाऊन सरळ रेषेतली नस्ख आलेली असते. कुराण वाचणाऱ्या मुलाला नस्खमधली अक्षरं ओळखता येतात, पण त्याची उर्दूची पाठ्यपुस्तकं नस्तालीकमध्ये असल्यामुळे वाचनाचा वेग मोडतो. नस्तालीक यंत्रावर आणणं मुळात सोपं नव्हतं. १९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग' दैनिकाने मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालीक वापरली, त्याआधी उर्दू अखबाराची प्रत्येक ओळ कातिब हाताने लिहीत. एवढ्या मेहनतीने मिळालेली लिपी एका फॉरमॅटमध्ये गायब झालेली पाहून वडीलधाऱ्यांना वाईट वाटतं, ते उगाच नाही.

पण ती गेलेली नसते, टाकायची राहिलेली असते. विंडोज १० मध्ये 'उर्दू टाइपसेटिंग' हा नस्तालीक फॉन्ट 'ऑप्शनल फीचर्स' मधल्या 'अरेबिक स्क्रिप्ट सप्लिमेंटल फॉन्ट्स' या गठ्ठ्यात ठेवलेला आहे. तो मागवून घ्यावा, किंवा जमील नूरी नस्तालीक अथवा गूगलचा नोटो नस्तालीक उर्दू टाकावा. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये फॉन्ट्सच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात अरबी लिपीसाठी वेगळा फॉन्ट निवडता येतो, तिथं नस्तालीक लावला की अखबार पुन्हा आपला दिसतो. फोनेटिक कीबोर्डची सवय असेल तर तोही वेगळा टाकावा लागतो. विंडोजच्या नेहमीच्या उर्दू कीबोर्डची मांडणी निराळी असते.

मराठीचं दुखणं थोडं वेगळं. युनिकोडमधलं मराठी ब्राउझरमध्ये नव्या विंडोजवर लगेच दिसतं. 'मंगल' फॉन्ट मात्र विंडोज १० मध्ये देवनागरीच्या अशाच वेगळ्या गठ्ठ्यात गेलाय, त्यामुळे जुन्या फाइलचं रूप बदलतं, मजकूर सुरक्षित असतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल मात्र तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरं आणि अर्धविरामांचा ढिगारा होऊन उघडते. तो व्हायरस नव्हे. फॉन्ट परत टाकला की मजकूर परत येतो. शाळांच्या जुन्या प्रश्नपत्रिका 'करप्ट झाल्या' म्हणून पुसून टाकल्या जातात, त्या बऱ्याचदा याच कारणाने.

खरोखर जातात ते साठवलेले पासवर्ड. ब्राउझर ते सी ड्राइव्हमध्ये, तुमच्या विंडोज खात्याच्या फोल्डरात ठेवतो. काही हुशार मुलं फॉरमॅटआधी तो फोल्डर कॉपी करून ठेवतात, पण तेवढ्याने भागत नाही. क्रोमचे पासवर्ड त्या जुन्या विंडोज खात्याशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद असतात. नव्या विंडोजवर पेटी येते, किल्ली येत नाही. म्हणून पासवर्ड ब्राउझरच्याच 'एक्स्पोर्ट' सोयीने बाहेर काढावे लागतात, आणि बुकमार्कही तसेच. ती पासवर्डची फाइल उघडी असते, कोणीही वाचू शकतं. नव्या मशीनवर भरून झाली की लगेच पुसावी.

याहून साधा उपाय म्हणजे घरातली एक वही. साइट कोणती, युजर आयडी कोणता, ओटीपी कुठल्या नंबरवर येतो, एवढं तिच्यात लिहावं. तिसरा रकाना आपल्या घरांत सगळ्यात महत्त्वाचा. अर्ज भरताना अब्बांचा नंबर दिलेला असतो, अब्बा ते सिम घेऊन कुवेतला किंवा सौदीला गेलेले असतात. इकडे फॉरमॅटमध्ये पासवर्ड गेला, तिकडे अब्बा ड्यूटीवर, आणि अर्जाचा शेवटचा दिवस. अशा वेळी मुलीची वर्षभराची फी अडते, तिथं कॉम्प्युटरचा बिघाड हे कारण कुणी ऐकत नाही.

शेवटचा मुद्दा विश्वासाचा. मशीन दुरुस्तीला देतो तेव्हा घरचे फोटो, आधारचं स्कॅन, बँकेचे कागद आपण परक्या हातात देतो. ही अमानत आहे. दुकानातली मुलं बहुतेक मेहनती आणि सरळ असतात, तरी घाईत काही गोष्टी राहून जातात. ब्राउझरच्या कोपऱ्यातलं खात्याचं गोल चिन्ह पाहा. तिथं दुकानातल्या कुणाचं खातं उरलं असेल आणि सिंक चालू असेल, तर तुम्ही साठवलेला प्रत्येक पासवर्ड त्या खात्यात जाऊन बसेल. ते खातं आधी काढा. क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' अशी ओळ दिसली तर विचारा, की घरच्या मशीनला संस्था कुठली? कधी अँटिव्हायरसमुळे ती येते, कधी नको त्या प्रोग्रॅममुळे. चोरीचं विंडोज चालू करणारे 'ॲक्टिव्हेटर' टाकताना विंडोजचं स्वतःचं संरक्षण बंद केलं जातं आणि बरेचदा परत चालू करायचं राहतं. मग होमपेज आपोआप बदलतं, जाहिराती उडत येतात, आणि सहा महिन्यांनी पुन्हा फॉरमॅट. फुकटचं विंडोज असं महाग पडतं.

लाल इशाऱ्यावर 'ॲडव्हान्स्ड' दाबून पुढे जाण्याची युक्ती हल्ली मुलंही एकमेकांना शिकवतात. बँकेच्या, शिष्यवृत्तीच्या, कुठल्याही पासवर्ड मागणाऱ्या साइटवर ती वापरू नये. घड्याळ बरोबर आहे आणि एकाच साइटवर इशारा येतोय, तर दोष त्या साइटचा असू शकतो; थांबावं. सगळ्याच साइटवर येतोय, तर दोष आपल्या मशीनमध्ये किंवा जोडणीत शोधावा.

इशारा इंग्रजीत येतो म्हणून अम्मी-आजी तो वाचत नाहीत, हे खरं आहे. पण क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही मराठीत आणि उर्दूतही वापरता येतात. घरच्या मशीनवर ती भाषा लावायला दोन मिनिटं पुरतात. शाळांनी आठवी-नववीला संगणकाच्या एका तासाला असे चार-पाच इशारे फळ्यावर लिहून त्यांचा अर्थ मुलांकडूनच काढून घ्यावा. आणि मशीन दुकानात नेण्याआधी घरच्यांनी तीन प्रश्न विचारावेत. माझ्या फाइल आणि पासवर्ड कुठे ठेवले? कुठलं विंडोज टाकणार आणि त्याची मुदत आहे का? परत देताना तुमचं खातं काढलं का? उत्तरं नीट मिळेपर्यंत पीसीचा डबा घरातच राहू द्या, आणि तोवर कोपऱ्यातली तारीख एकदा पाहून घ्या.